दहा तारखेची अट

संगणक क्षेत्रात तीस-चाळीस वर्षे काढलेल्या वाचकांनी, तसेच त्यांच्याबरोबर आज काम करणाऱ्या तरुणांनी, या व्यवसायाविषयी मनात असलेले प्रश्न कळवावेत असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. मी स्वतः १९८५ पासून २०२० पर्यंत बँकांसाठी प्रोग्रॅम लिहिले, त्यामुळे माझी उदाहरणे बहुतेक त्याच कामातील आहेत.

प्रश्न : बँकिंगच्या, कोबोल या जुन्या संगणक-भाषेतील प्रोग्रॅमवर ३४ वर्षे काम करून मी पुढच्या महिन्यात निवृत्त होत आहे. माझा थोरला भाऊ पाटबंधारे खात्यात होता. त्याच्या देखरेखीखाली झालेला बंधारा आजही गावाला पाणी देतो आणि नातवंडांना नेऊन दाखवता येतो. मी लिहिलेले बहुतेक प्रोग्रॅम केव्हाच बंद झाले, उरलेले दोन वर्षांत बदलले जातील. एवढ्या कामातून मागे काय राहिले, हा विचार झोपू देत नाही.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले पत्र वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो, कारण निवृत्तीच्या आधी दोन वर्षे मलाही याच प्रश्नाने घेरले होते. मला त्याचे उत्तर बचत खात्याच्या व्याजात सापडले, म्हणून ते सविस्तर सांगतो.

बचत खात्यावर पूर्वी व्याज कसे मिळे, हे आज तिशीत असलेल्यांना सहसा ठाऊक नसते. ३१ मार्च २०१० पर्यंत, महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असे, तेवढ्यावरच त्या महिन्याचे व्याज धरले जाई. खात्यात २०,००० रुपये असताना ११ तारखेला आणखी ८०,००० भरले, तर ते महिनाअखेरपर्यंत बँकेत राहूनही व्याज २०,००० वरच मिळे. त्या वेळच्या साडेतीन टक्के दराने ते ५८ रुपये ३३ पैसे होई. घरातील वडीलधारी माणसे पैसे दहाच्या आत भरण्याचा आग्रह धरत, तो यासाठीच. नियम ग्राहकाला जाचक होता खरा, पण जाडजूड लेजरमध्ये हाताने नोंदी होत असताना प्रत्येक खात्याची रोजची शिल्लक घेऊन व्याज काढणे कारकुनाला अशक्यच होते. महिन्याला एक आकडा उतरवून घेणे त्याच्या आवाक्यात होते. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून व्यापारी बँकांना रोजच्या शिल्लकेवर व्याज देणे बंधनकारक केले, तेव्हा शाखांचे संगणकीकरण आता समाधानकारक झाले आहे, हाच त्यामागचा आधार होता. वरच्या उदाहरणातील ८०,००० रुपयांवर नव्या पद्धतीने, त्याच साडेतीन टक्के दराने, ३१ दिवसांच्या महिन्यात सुमारे १६१ रुपये मिळू लागले.

हे १६१ रुपये म्हणजे आपला बंधारा आहे. यंत्रांच्या वापराविषयी बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ साली करार झाला, १९८४ साली बँकांच्या संगणकीकरणाविषयीच्या रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि त्यानंतरची पंचवीस वर्षे ज्यांनी एकेका शाखेचे लेजर यंत्रावर आणले, रात्री जागून मेळ घातले, चुकीचे आकडे पहाटेपर्यंत शोधले, त्यांच्या कामावर ही रोजची मोजणी उभी आहे. आपले प्रोग्रॅम बंद पडतील, पण खातेदार दहा तारखेच्या रांगेत परत उभा राहणार नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका शाखेसाठी व्याजाचा प्रोग्रॅम लिहिला. तेथील हेड क्लार्क निवृत्तीला आले होते आणि यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी पहिल्या सहामाहीचे व्याज हाताने काढून माझ्या कागदाशी ताडून पाहिले. काही खात्यांत फरक निघाला. दहा तारखेची शिल्लक मी त्या दिवशीचे व्यवहार होण्यापूर्वीची धरली होती, त्यामुळे नेमके दहालाच पैसे भरणाऱ्यांचे नुकसान होत होते. "दहाला भरलेला पैसा दहाचाच," एवढेच ते म्हणाले. मी ती अट दुरुस्त केली, पण ती तशी का आहे याबद्दल प्रोग्रॅममध्ये एक अक्षरही लिहिले नाही. पुढे कित्येक वर्षांनी एका बँकेचे जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रणेत नेताना माझ्या तरुण सहकाऱ्यांना हुबेहूब तशीच अट आढळली. कोणालाच तिचा अर्थ लागेना, म्हणून ती वगळायचे ठरत होते. मयत खातेदारांच्या वारसांना मागच्या वर्षांचे व्याज मोजून देण्यासाठी तो भाग लागत असे आणि २०१० पूर्वीच्या काळासाठी ती अट अनिवार्य होती. त्या दिवशी मी रजेवर असतो, तर ती गेली असती.

आपल्याकडे अशा किती अटी असतील, याचा विचार करा. आपल्या हातात अजून एक महिना आहे. रोज संध्याकाळी एक अट घ्या आणि ती कोणत्या नियमामुळे आली, कोणत्या वर्षी आली, काढली तर कोणाचे नुकसान होईल, हे चार ओळींत लिहून आपल्या जागी येणाऱ्याच्या हाती द्या. त्या हेड क्लार्कांनी मला जे दिले, ते मी पुढे देण्यात फार उशीर केला. आपण करू नये, असे मनापासून वाटते.

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. आमच्या गटाचे काम जुने कोबोल प्रोग्रॅम जावा या नव्या भाषेत नेण्याचे आहे. नव्या आणि जुन्या बेरजांत काही पैशांचा फरक येतो आणि तो सापडत नाही. गटात या प्रोग्रॅमवर पंचवीस वर्षे काढलेले एक सर आहेत, पण काही विचारले की "ते तसंच आहे" एवढेच म्हणतात. त्यांच्याकडून कसे शिकावे?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : आधी पैशांचा फरक पाहू, कारण तो दोन ठिकाणी दडलेला असण्याची शक्यता मोठी आहे. मेनफ्रेमवरील, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावरील, कोबोलमध्ये रकमा बहुधा पॅक्ड डेसिमल पद्धतीने ठेवलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक बाइटमध्ये दशमान पद्धतीचे दोन अंक आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उणे चिन्ह. तेथे दहा पैसे हे नेमके दहा पैसेच राहतात. जावात तीच रक्कम 'डबल' प्रकारात घेतली, तर ती द्विमान, म्हणजे ० आणि १ या दोनच अंकांच्या, अपूर्णांकात जाते, आणि एक तृतीयांश जसा दशमान पद्धतीत पुरा लिहिता येत नाही, तसा एक दशांश द्विमान पद्धतीत पुरा लिहिता येत नाही. रकमांसाठी 'बिगडेसिमल' हा दशमान अंक जसेच्या तसे ठेवणारा प्रकार वापरला आहे का, हे पहिल्यांदा पाहा. दुसरे ठिकाण पूर्णांकनाचे. कोबोलमध्ये 'राउंडेड' असे स्पष्ट लिहिले नसेल, तर दोन दशांश स्थळांच्या रकान्यात न मावणारे अंक सरळ सोडून दिले जातात, ५८.३३७ चे ५८.३३ होतात. आपल्या जावा प्रोग्रॅमने त्याचे ५८.३४ केले असतील, तर खात्यामागे एक पैसा वाढला, आणि लाखभर खात्यांच्या बेरजेत मेळ बसत नाही.

हे अंक मूळ लेखकाने जाणूनबुजून सोडले की 'राउंडेड' लिहायचे राहून गेले, हे मात्र कोणतेही साधन तुम्हाला सांगणार नाही. ते बहुधा त्या सरांनाच ठाऊक असेल.

"ते तसंच आहे" या उत्तरामागे तुसडेपणा असेलच असे समजू नका. पंचवीस वर्षांत त्यांना 'कधीपर्यंत होईल' हे अनेकांनी विचारले असेल, 'का' हे क्वचितच कोणी विचारले असेल. शिवाय "हा प्रोग्रॅम काय करतो?" हा प्रश्नच एवढा मोठा आहे की त्याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. त्यांच्याकडे जाताना एक खाते, एक तारीख आणि फरक पडलेली एक रक्कम घेऊन जा, छापील कागदावर पेन्सिलने ड्राय रन करत, म्हणजे यंत्राशिवाय एकेक ओळ हाताने चालवून पाहत, त्यांच्याशेजारी बसा आणि अडलेल्या ओळीपाशी विचारा, "सर, ही ओळ काढली तर उद्या सकाळी कोणाचा फोन येईल?" या प्रश्नाने माणसे बोलती होतात, असा माझा अनुभव आहे, कारण असे फोन त्यांनी खरोखरच घेतलेले असतात. त्यांनी सांगितलेले कारण त्याच दिवशी, तारखेसह, नव्या प्रोग्रॅममध्ये त्या ओळीच्या वर लिहा आणि त्यांना एकदा दाखवा.

प्रश्न : वर्ष २००० च्या संकटासाठी रात्रंदिवस काम केल्याचे वडील सांगतात. पण त्या दिवशी काहीच झाले नाही, मग तो बागुलबुवाच नव्हता का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वडिलांनी काम केले म्हणून काही झाले नाही. माहिती ज्यावर भोके पाडून नोंदवत त्या पंच कार्डावर ८० रकाने असत आणि साठवणुकीची जागा अतिशय महाग होती, त्यामुळे वर्षाचे दोनच अंक ठेवण्याची पद्धत पडली. ९९ नंतर ०० येताच व्याजाची मुदत उणे निघे, निवृत्तिवेतनाला पात्र माणूस जन्मलाच नाही असे ठरे. शिवाय शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते एवढाच अर्धा नियम काही प्रोग्रॅममध्ये लिहिलेला होता. चारशेने भाग जात असल्यामुळे २००० हे लीप वर्ष होते. काही ठिकाणी ९९ हा आकडा 'मुदत नाही' या अर्थाने वापरला होता, तो वेगळाच घोळ. हे सर्व लाखो ओळींमधून डोळ्यांनी शोधावे लागले. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र मी यंत्राच्या खोलीत काढली, आणि बारा वाजून गेल्यावर पहिला व्यवहार बरोबर नोंदला गेला तेव्हाचे समाधान मी अजून विसरलेलो नाही.

एक कबुली मात्र दिली पाहिजे. वेळ कमी होता, म्हणून अनेक ठिकाणी आम्ही चार अंकांची जागा न करता ठरावीक आकड्याच्या खालची वर्षे एकविसाव्या शतकातली आणि वरची विसाव्या शतकातली धरण्याची विंडोइंगची तडजोड केली. तो आकडा उलटला की तीच अडचण परत उभी राहते. ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या यंत्रणांची मर्यादाही १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. आपण तेव्हा ऐन उमेदीत असाल. वडिलांनी त्या वेळी चुका कशा शोधल्या, याद्या कशा केल्या, हे आताच विचारून ठेवा.

प्रश्न : माझे वय ४६. प्रोग्रॅम लिहिणे मला मनापासून आवडते, पण या वयात व्यवस्थापक न होणे म्हणजे मागे पडणे, असे सगळे सांगतात. काय करावे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : केन थॉम्प्सन या अमेरिकी प्रोग्रॅमरनी १९६९ मध्ये बेल लॅब्स या संशोधन संस्थेत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात केली तेव्हा ते २६ वर्षांचे होते, आणि २००९ मध्ये 'गो' ही प्रोग्रॅमिंगची भाषा जाहीर झाली तेव्हा तिच्या तीन निर्मात्यांपैकी एक असलेले थॉम्प्सन ६६ वर्षांचे होते. प्रत्येकाला ती प्रतिभा नसते, हे मान्य. पण वय वाढले की हातातले कौशल्य संपते, हा समज तरी त्यातून खोटा ठरतो. पगाराची आणि व्हिसाची गणिते आपली आपल्यालाच मांडावी लागतील. ती जमत असतील, तर लिहीत राहा.

प्रश्न : मी २२ वर्षे विमा क्षेत्राच्या प्रोग्रॅमवर काम करून निवृत्त झाले. आठवणी लिहाव्यात असे वाटते, पण नोकरीत गोपनीयतेच्या करारावर सही केली आहे. शिवाय मराठीत लिहावे की इंग्रजीत, हेही ठरत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : करार काढून पुन्हा एकदा नीट वाचा आणि शंका असेल तर वकिलाला दाखवा. प्रोग्रॅमच्या ओळी, ग्राहकांची माहिती, सुरक्षेची रचना आणि कंपनीचे अंतर्गत आकडे यांना हात लावू नका. त्या वेळचे जाहीर कायदे आणि नियम, ते यंत्राला समजावताना येणारी अडचण, कोडिंग शीटवर प्रोग्रॅम लिहून तो पंच होऊन येण्याची वाट पाहणे, रात्रपाळीला बाईने थांबावे की नाही यावरून घरी आणि कार्यालयात झालेले वाद, हे सारे आपल्या स्वतःच्या आयुष्यातले आहे. यातले शेवटचे तर अवश्य लिहा, कारण त्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे.

नियमामागची कारणे, जी पुढच्या प्रोग्रॅमरला कामाला येतील, ती इंग्रजीत लिहा, म्हणजे चेन्नईत बसलेल्या सहकाऱ्यालाही वाचता येतील. बाकीचे मराठीत लिहा. पहिली दहा पाने झाली की या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी ती वाचून आपल्याला उत्तर लिहीन.