क्रिमिनॉलॉजी जरूर घेऊ द्या, पण केमिस्ट्री सोडण्याआधी मुलीशी बोला

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. मुलगी इयर इलेव्हनमध्ये, म्हणजे आपल्या दहावीच्या वयाची आहे. सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे विद्यापीठाआधीच्या दोन वर्षांत, तिला सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी आणि क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र) घ्यायचंय. पुढे फॉरेन्सिकमध्ये जाईन म्हणते. केमिस्ट्रीत मार्क चांगले आहेत, तरी ती सोडतेय. क्रिमिनॉलॉजीला काही किंमत आहे का? मुंबईचे नातेवाईक विचारतात, हे शिकून करणार काय? – एक वडील

उत्तर : नमस्कार. विषयाला किंमत आहे, त्याबद्दल मनात किंतु ठेवू नका. मात्र ही ए-लेव्हल, म्हणजे विद्यापीठ प्रवेशासाठीची इथली नेहमीची परीक्षा, नाही. आतापर्यंत बहुतेक ठिकाणी वेल्सच्या डब्ल्यूजेईसी परीक्षा मंडळाचा लेव्हल थ्री (ए-लेव्हलच्याच पातळीचा) अप्लाइड डिप्लोमा शिकवत आलेत. चार युनिट्स असतात. दोनांची लेखी परीक्षा होते आणि दोनांचं काम वर्गातच, देखरेखीखाली, प्रत्येकी आठ तासांत लिहून पूर्ण करायचं असतं. विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या यूकॅस संस्थेचे पॉइंट्स ए-लेव्हलइतकेच मिळतात, म्हणजे ए ग्रेडला ४८. तरी काही विद्यापीठं पॉइंट्स न पाहता ए-लेव्हलच मागतात. म्हणून सोबतचे दोन विषय ए-लेव्हलचे आणि भक्कम हवेत. इंग्लंडमध्ये अशा अप्लाइड अभ्यासक्रमांची फेररचना चालू आहे. येत्या सप्टेंबरपासून नेमकी कोणती पात्रता शिकवणार, हे कॉलेजकडून लेखी घ्या.

माझी खरी काळजी वेगळी आहे. मुलगी 'फॉरेन्सिक' म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर काय असतं?

तुमच्याच गावचं उदाहरण घेऊ. १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंग, म्हणजे डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत, शोधलं. तिथून जवळच्याच खेड्यांत १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली, पण डीएनए जुळेना. मुलगा सुटला. पुढे परिसरातल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले गेले. खऱ्या गुन्हेगाराने आपल्या जागी दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठवलं होतं. ते उघडकीला आलं आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

ही हकिकत तिला सांगा आणि तिचं मन कुठे अडकतं ते बघा. नमुन्यातून डीएनए वेगळा कसा काढला, पुरावा म्हणून तो कितपत पक्का, असं ती विचारू लागली तर तिची वाट प्रयोगशाळेची आहे. फॉरेन्सिक सायन्सच्या डिग्रीला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री किंवा बायॉलॉजी लागते, आणि तिने निवडलेल्या तिन्ही विषयांत दोन्ही नाहीत. मग केमिस्ट्री ठेवायलाच हवी. तुम्ही म्हणता म्हणून नाही, ती स्वतः जे म्हणतेय त्यासाठी. उलट, न केलेल्या खुनाची कबुली एखादा मुलगा का देतो, चौकशीच्या खोलीत काय घडतं, हे तिला छळू लागलं तर ती क्रिमिनॉलॉजीचीच विद्यार्थिनी आहे. तिथून कायदा, प्रोबेशन (तुरुंगाबाहेरच्या गुन्हेगारांवर देखरेख), पोलिस, तुरुंगातलं पुनर्वसन, फॉरेन्सिक सायकॉलॉजी असे रस्ते फुटतात. त्यातल्या शेवटच्यासाठी आधी सायकॉलॉजीची मान्यताप्राप्त डिग्री लागते.

दोन्हींची ओढ असेल तर केमिस्ट्री, सायकॉलॉजी आणि क्रिमिनॉलॉजी हे त्रिकूट मला जास्त पटतं. सोशिऑलॉजी वाईट नाही, पण लेबलिंग (समाजाने 'गुन्हेगार' असा शिक्का मारणं), समाजशास्त्रज्ञ मर्टनची स्ट्रेन थिअरी वगैरे गुन्ह्यामागच्या कारणांचा भाग सोशिऑलॉजी आणि क्रिमिनॉलॉजी दोन्हीकडे येतो. तीनच विषय घ्यायचे असताना एवढी पुनरावृत्ती कशाला?

नातेवाईकांना सांगा, त्यांच्याच मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेत, गुन्हेगारी आणि न्याय हा विषय कित्येक वर्षं शिकवला जातोय. तिथल्याच 'प्रयास' प्रकल्पातले समाजकार्यकर्ते १९९० पासून पोलिस ठाण्यांत आणि तुरुंगांत काम करताहेत.

सुट्टीत एक दिवस तिला घेऊन गंभीर फौजदारी खटले चालतात त्या लेस्टर क्राउन कोर्टाच्या सार्वजनिक गॅलरीत बसा. प्रवेश मोफत असतो. मालिकांमध्ये चाळीस मिनिटांत निकाल लागतो. इथे साक्ष रेंगाळते, तारखा पुढे जातात, आणि आरोपी बहुधा सामान्य, गोंधळलेला माणूस असतो. चार तासांनंतरही तिची उत्सुकता टिकली तर तिच्या निवडीवर विश्वास ठेवा. नंतर दोघांनी मिळून तिला आवडलेल्या दोन-तीन डिग्र्यांच्या प्रवेशाच्या अटी वाचा आणि मगच फॉर्म भरा. सप्टेंबरच्या सुरुवातीला विषय बदलू देतात का, तेही कॉलेजच्या ओपन ईव्हनिंगला (पालक-विद्यार्थ्यांना माहिती देण्याच्या संध्याकाळी) विचारून घ्या.