‘हर्नियाचं ऑपरेशन’ असं सांगितलं होतं

“ऑपरेशनला १६ दिवस झाले, मॅडम. पोट सपाट व्हायचं राहिलं बाजूला, संध्याकाळी उलट फुगतंच. ताठ उभं राहता येत नाही. कारण नसताना रडू येतं. मी हे उगाच केलं का?”

टमी टक, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून आतले स्नायू शिवण्याचं ऑपरेशन, करून घरी आलेल्या बायका हा प्रश्न थोड्याफार फरकाने विचारतातच. त्यातलाच एक अनुभव त्या ताईंच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असा बदल करून लिहिते आहे.

ताई ३८ वर्षांच्या, नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या. दोन सिझर झालेली. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन वर्षं चालून त्यांनी १४ किलो वजन उतरवलं, तरी बेंबीखालची कातडी लोंबतच राहिली. घडीत घामाने पुरळ यायचं. सिटी बसमध्ये एका मुलीने “बसा काकू, कितवा महिना?” म्हणून जागा दिली, त्या दिवशी त्यांनी ठरवलं. बाळंतपणात फाकलेले पोटाचे स्नायू आणि सैल पडलेली कातडी व्यायामाने पूर्ण जागेवर येतेच असं नाही. त्यामुळे याला कुणी नसते चोचले म्हटलं तर मला राग येतो.

पहिल्या फोनवर मी मनाचं विचारण्याआधी पोटऱ्यांचं विचारलं. एकाच पायाला सूज आहे? दुखतोय? ताप, टाक्यांतून पू किंवा वास? पोटात एका जागी पाणी साठल्यासारखं लागतंय? यातलं काहीही असेल तर माझ्याशी बोलत बसायचं नाही, सर्जनला कळवायचं. दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट दवाखाना गाठायचा. पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हणून तर सुरुवातीपासूनच, वाकून का होईना, घरातल्या घरात चालायला सांगतात.

तसं काही नव्हतं. मग सांगितलं, की सूज संध्याकाळी वाढणं नेहमीचं आहे. ती बरीचशी उतरायला तीन महिने आणि पूर्ण जायला कधीकधी वर्ष लागतं. बेंबीखाली बधिरपणा काही महिने राहतो. पहिल्या काही आठवड्यांत दुखणं, अपुरी झोप आणि दुसऱ्यावर अवलंबून राहणं यांनी मन खचतं. निर्णय चुकला की नाही, हे सुजलेल्या पोटाकडे बघून ठरवायचं नाही.

ताई ऐकत होत्या, पण सैल होत नव्हत्या. इतक्यात मागे कुकरची शिट्टी झाली.

“स्वयंपाक कोण करतंय?”

“मीच.”

मग सगळं बाहेर आलं. सासूबाईंना हर्निया म्हणून सांगितलं होतं. खरं फक्त नवऱ्याला माहीत. सासूबाईंचे एक दीर हर्नियानंतर आठव्या दिवशी द्राक्षबागेत गेले होते, त्यामुळे घरात हिशेब आठ दिवसांचा. नवव्या दिवशी ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) निघाला आणि दहाव्या दिवसापासून ताई कणीक मळत होत्या, चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेत होत्या. डॉक्टरांनी पाठ उंच ठेवून, गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला सांगितलेलं. पण कुणी केळी घेऊन भेटायला आलं की त्या उशी काढून ठेवायच्या. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतच्या टाक्यांवर तो ताण! आणि दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होईना म्हणून सोडलेली मिश्री परत सुरू झाली होती. हेही कुणाला सांगितलेलं नव्हतं.

इथे मी थांबवलं. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिने रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडू शकते. त्याच दिवशी सर्जनला मिश्रीसकट सगळं सांगायला लावलं. टाक्यांच्या मधोमध जखमेची एक छोटी पट्टी भरायला मागे पडली होती. ड्रेसिंग लांबलं. मिश्री बंद झाली, पोट साफ व्हायचं औषध मिळालं.

आपल्या शरीराचं काय केलं हे गल्लीभर सांगायची गरज नाही, असं मी मानते. पाहुण्यांना हर्निया सांगितला तरी चालेल. पण आपली शुश्रूषा जिच्या हातात आहे तिला तरी आपल्याला काय झालंय ते माहीत हवं, नाहीतर ती काळजी तरी कशाची घेणार? आम्ही फोनवर वाक्य तीनदा म्हणून पाहिलं: “आई, हर्निया नव्हता. पोटाची वाढलेली कातडी काढून आतले स्नायू शिवलेत. सहा आठवडे मला जड उचलता येणार नाही. लाज वाटली म्हणून खोटं बोलले.”

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. ते दोन दिवस ताईंना फार जड गेले, मला रोज संध्याकाळी फोन यायचा. तिसऱ्या दिवशी ताई पोटाचा पट्टा घालायला धडपडत होत्या, तर सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “धाकट्याच्या वेळी मी तुझं पोट बांधणार होते,” त्या म्हणाल्या. “सिझर झालं म्हणून नर्स नको म्हणाली. तेव्हापासून मला वाटायचं, माझ्यामुळेच तुझं पोट सुटलं.”

पोट न बांधल्याने स्नायू फाकत नाहीत, हे मी ताईंना नंतर सांगितलं आणि त्यांनी ते सासूबाईंना. त्या सकाळी मात्र सासूबाईंनी पट्ट्याचे हूक एकेक करून लावले, मुलाला उचलून बाहेर नेलं, आणि जाताना गुडघ्याखालची उशी सरळ करून गेल्या.