रेडिओवर पहिल्यांदा जाताय? खेळवेड्यांच्या पत्रांना उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं एकाच धास्तीची आहेत. रेडिओवरच्या खेळगप्पांना पाहुणा म्हणून बोलावणं आलंय, आता काय करू? असे कार्यक्रम करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे ही पत्रं मी दोन-दोनदा वाचली.

मी नेर तालुक्यातला शेतकरी. विदर्भाच्या रणजी संघावर अर्धा तास बोलायला बोलावलं आहे. माईक कधी पाहिला नाही. आकडे पाठ करणं सुरू आहे, पण झोप उडाली आहे.

भाऊ, पाठांतर आजच थांबवा. आकडे निवेदकाच्या समोरच्या कागदावर असतात. पहिला करंडक 2017-18 च्या मोसमात, इंदूरला दिल्लीला हरवून. दुसरा पुढच्याच मोसमात, नागपुरात सौराष्ट्राला हरवून. तिसरा 2024-25 मध्ये जामठ्याला, केरळवर पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर. एवढं एका चिठ्ठीवर लिहून न्या आणि विसरून जा. तुम्हाला बोलावलंय ते तुम्ही काय पाहिलं, ते ऐकायला.

केरळच्या त्या सामन्यानंतर हिंगणघाटकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. पहिल्या सकाळी विदर्भाचे 24 धावांत 3 गडी गेले. हे वाक्य कुणीही म्हणेल. ते म्हणाले, "माह्या बाजूच्या बुढ्यानं दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. म्हणे, मले पाहवत नाही, तू सांग. मंग मी त्याले एकेक बॉल सांगत गेलो. दुपारी मालेवार अन् नायर जमले, लोकं टाळ्या वाजवाले लागले, तरी बुढा दुपट्टा काढाले तयार नाही. म्हणे, तू सांगून राहिला तवापासून विकेट नाही पडली, सांगत राह्य." मालेवार आणि नायर यांची भागीदारी 215 धावांची झाली, ते मी जोडलं. दुपट्टा मला कुठल्याच धावफलकात सापडला नसता.

तुमचा श्रोता म्हणजे तोच बुढा समजा. त्याला दिसत नाही, तुम्ही सांगाल तेवढंच त्याचं. हजारो लोक ऐकताहेत हा विचार मनात आला की गळा आवळतो. गोठ्यात धार काढताना किंवा बसची वाट पाहताना कुणी एकटाच ऐकतोय, त्याला सांगा.

आता खोलीबद्दल. स्टुडिओचं जड दार लागलं की कानात कापूस घातल्यासारखं वाटतं आणि स्वतःचा श्वास ऐकू येतो. नवख्याला धडकी भरते ती तिथेच, म्हणून दहा मिनिटं आधी आत जाऊन बसा. माईक तोंडापासून एक वीत, किंचित बाजूला. अगदी समोर धरला तर प, फ, भ म्हणताना हवेचा धपका बसतो. कागद एका बाजूला लिहिलेले, सुटे, टाचणी न मारलेले असावेत, म्हणजे उलटताना खडखडत नाहीत. मोबाईल गप्प करून भागत नाही, बंदच करा. खिशातल्या किल्ल्या, चिल्लर बाहेर ठेवा. माझ्या एका पाहुण्याचा पाय हलायचा, आणि अर्धा तास त्यांच्या बोलण्यामागे जुडगा वाजत राहिला. चांगलं बोलत होते हो. मला आजही चुटपुट आहे, मी आधी विचारायला हवं होतं.

लाल दिवा लागला, म्हणजे माईक सुरू झाला, आणि शब्द सुचला नाही तर दोन सेकंद थांबा. तुम्हाला तो काळ लांब वाटेल, ऐकणाऱ्याला वाटत नाही. "अं... म्हणजे... ते काय" यानं मात्र त्याला अस्वस्थ वाटतं.

मी बार्शीटाकळीकडचा. माह्या तोंडी 'मले', 'तुले', 'करून राहिलो' असंच येते. शहरातले लोक हसतीन काय?

हसू देत. तुम्ही तुमचंच बोला. पुस्तकी बोलायला गेलात की प्रत्येक वाक्य आधी मनात भाषांतर करून मग तोंडाबाहेर काढाल, आणि तेवढ्यात सांगण्यातली धग विझते. वर हिंगणघाटच्या गृहस्थांचं बोलणं दिलंय, ते प्रमाण मराठीत मांडून पाहा बरं. बुढ्याचा म्हातारा होईल, आणि मग तो कुठलाही म्हातारा असेल. आपल्या बोलीबद्दल मी हट्टी आहे, तो हट्ट मी सोडणार नाही. दोनच गोष्टी सांभाळा. वेग थोडा कमी ठेवा, आणि वाक्याचा शेवटचा शब्द गिळू नका. वऱ्हाडीत बोलताना आपला आवाज शेवटी खाली बसतो, आणि क्रियापदच ऐकू येत नाही.

मी आर्वीची, कॉलेजात कबड्डी खेळते. बुद्धिबळपटू दिव्या देशमुखच्या जगज्जेत्या खेळावर बोलायला जायचं आहे. सोबतचे दोन पाहुणे वयानं मोठे, बोलघेवडे आहेत. मला बोलू देतील का?

ताई, कार्यक्रमाआधी निवेदकाला सरळ सांगा: "मला या दोन गोष्टी सांगायच्या आहेत, त्या मला विचारा." चांगला निवेदक ते कागदावर टिपून घेतो. कुणी मधे तोंड घातलं तर आवाज चढवू नका, दोन आवाज एकत्र आले की ऐकणाऱ्याला एकही कळत नाही. शांतपणे "काका, माझं वाक्य पुरं करते" म्हणा आणि लगेच पुढे बोला. तेवढं म्हणणं उद्धटपणा नाही.

एक दुरुस्ती: दिव्यानं जिंकला तो महिला विश्वचषक. जगज्जेतेपद ही वेगळी स्पर्धा आहे, आणि ही चूक कुणीतरी फोन करून दाखवेलच. विश्वचषक जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला झाला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, नेहमीचे दोन्ही डाव बरोबरीत, निकाल जलद डावांत लागला. दिव्या 19 वर्षांची. त्याच विजयानं ती थेट ग्रँडमास्टर झाली. पण चाली सांगत बसू नका, पट समोर नसलेल्या माणसाला त्या कळत नाहीत. जिंकल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली, ते सांगा. मग चढाईला जाताना तुमच्या स्वतःच्या पोटात काय होतं ते सांगा. हे त्या दोन काकांकडे नाही.

आमच्या पोरांना भारतीय संघात लवकर घेत नाहीत, याचा राग आहे. रेडिओवर बोलू का?

बोला, तुमचा तो हक्क आहे. आकडे मात्र इथे लागतात, त्यांच्याशिवाय राग पोकळ वाटतो. हर्ष दुबेनं 2024-25 च्या मोसमात 69 बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला हा विक्रम. हे आधी म्हणा, मग विचारा, अजून काय करायचं पोरानं? उमेश यादव वलनीच्या कोळसा खाणीच्या वस्तीतून निघून 2011 मध्ये कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. त्याआधी किती वर्षं आपण वाट पाहिली, हेही म्हणा. वशिला, पैसा हे शब्द हातात पुरावा नसेल तर तोंडात नकोत. आकाशवाणीची प्रसारण संहिता बदनामीकारक बोलणं चालवून घेत नाही, आणि कार्यक्रम थेट असेल तर गेलेला शब्द परत येत नाही.

स्टुडिओ लांब पडतो, शेतातून फोनवर जोडणार आहेत.

जवळचा रेडिओ बंद करा, नाहीतर तुमचाच आवाज मागून येऊन कानात घुमेल. स्पीकर लावू नका, फोन कानाला. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच बांधावरून कुणाला तरी फोन लावून रेंज पाहून ठेवा. पंप बंद करा. बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली तर वाजू द्या, ती मला आवडते.

शंकरपटावर, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीवर, बोलायचं आहे. बंदीचं विचारलं तर?

सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये बंदी घातली, मग राज्यानं कायद्यात बदल केला, आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं तो वैध ठरवला. एवढं सांगा. बैलाला इजा न होण्याचे नियम तुमच्या पटात कसे पाळता, ते पाहिलेलं सांगा, आणि जोडीकडे वळा. लोक जोडीसाठीच कान देऊन बसलेले असतात.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिळतं का? आई ऐकायची म्हणते.

त्याच दिवशी, निघण्याआधी विचारा. सगळं जपून ठेवलं जात नाही, आणि महिन्यानं गेलात तर बहुधा मिळणार नाही. त्यापेक्षा घरी कुणाला तरी रेडिओजवळ मोबाईल ठेवून रेकॉर्ड करायला सांगून या. आईला ऐकताना पाहायचं असेल तर तिच्या शेजारी बसा, पण मधे मधे सांगू नका की आता पुढे मी काय म्हणतो ते ऐक. ती ऐकतेच आहे.