लवादाचा निवाडा विरोधात गेला, आता अपील करता येईल का?

तुम्ही लिहिलंय की शेड उभारणीच्या कामात समोरच्या कंपनीने लवाद (कोर्टाबाहेर वादाचा निकाल देणारा पंच) नेमला, त्याने तुमच्याविरुद्ध ४२ लाखांचा निवाडा दिला, त्याला दोन महिने झाले. तुमचं म्हणणं, बिलं त्याने नीट पाहिलीच नाहीत.

मी पुण्यात दिवाणी वकिली करतो. असा अशील आला की मी आधी निवाडा मागत नाही, लिफाफा मागतो. १९९६च्या लवाद कायद्यात कलम ३४चा, म्हणजे निवाडा रद्द करून मागण्याचा, अर्ज कोर्टात करायला तीन महिने आहेत आणि ते सही केलेली प्रत तुमच्या हाती पडल्यापासून मोजतात, निवाड्यावरच्या तारखेपासून नाही. एका कारखानदाराने मला टेबलावर पाकीट आलं तो दिवस सांगितला होता. गेटच्या आवक रजिस्टरात वॉचमनने पेन्सिलीने टाकलेली तारीख आठ दिवस आधीची निघाली. आमची दिवाळी त्या आठवड्यात टायपिंगमध्ये गेली.

तीन महिन्यांनंतर सबळ कारण दाखवलं तर आणखी ३० दिवस मिळतात, पुढे एकही नाही. ते ३० दिवस कोर्टाच्या सुट्टीत संपले तरी सुट्टीचा फायदा नाही. आसाममधल्या एका प्रकरणात ते नाताळच्या सुट्टीत संपले, अर्ज ५ जानेवारी २००४ला पडला आणि २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मुदतबाह्यच ठरवला.

आता बिलांचं. कलम ३४चा अर्ज म्हणजे अपील नव्हे. लवादाने पुरावा चुकीचा तोलला, एवढ्यावर कोर्ट हात घालत नाही. सुप्रीम कोर्टाच्या २०१९च्या सांगयाँग निकालानंतर तर नाहीच. पण एखादा निष्कर्ष कुठल्याही पुराव्याविना काढला असेल, महत्त्वाचा पुरावा विचारातच घेतला नसेल किंवा करारात नसलेलं कलम लवादाने स्वतःच्या मनाने घातलं असेल, तर मुद्दा उभा राहतो. तेव्हा "बिलं नीट पाहिली नाहीत" म्हणजे नक्की काय, ते निवाड्याच्या परिच्छेदावर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

मला विचाराल तर तुमचं खरं हत्यार बिलांत नाहीच, तुम्ही ओघात लिहिलेल्या "समोरच्या कंपनीने लवाद नेमला" या वाक्यात आहे. वादात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९च्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं. तुम्ही तारखांना हजर राहिलात म्हणून हरकत संपली असंही नाही. वाद निर्माण झाल्यानंतर तुम्ही ती स्पष्टपणे लेखी सोडलेली असावी लागते. त्यामुळे लवादापुढचे रोजनामे (प्रत्येक तारखेची नोंद) आणि सुरुवातीची पत्रं काढून बघा, कुठे "आमची हरकत नाही" असं लिहून सही तर केली नाही ना.

अर्ज दाखल झाला म्हणून वसुली थांबत नाही. २०१५च्या दुरुस्तीआधी थांबायची. जुने लोक अजून तेच सांगतात. आता स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि कोर्ट बहुधा रक्कम भरा किंवा बँक गॅरंटी द्या म्हणतं. नाहीतर इकडे तुमचा अर्ज पडून आणि तिकडे त्यांची दरखास्त (वसुलीचा अर्ज), बँक खात्यावर जप्ती. व्याज चालूच. निवाडा सूक्ष्म-लघुउद्योगांच्या सुविधा परिषदेकडचा असेल तर ७५ टक्के भरल्याशिवाय अर्ज विचारातच घेत नाहीत.

फक्त आकडा कमी करून हवा असेल तर सुप्रीम कोर्टाच्या ३० एप्रिल २०२५च्या गायत्री बालसामी निकालाने थोडी फट उघडली आहे: वेगळा काढता येणारा भाग, बेरजेची चूक, निवाड्यानंतरचं व्याज. बेरजा आजच तपासा.

करारात लवादाची सीट (लवादाचं कायदेशीर ठिकाण) पुणे असेल तर अर्ज इथल्या जिल्हा पातळीवरच्या व्यापारी न्यायालयात. आणि हो, कुरियरचं पाकीट फेकलं नसेल अशी आशा.