स्वतःचं सी फंक्शन डेटाबेसमध्ये: अडतं कुठे, पाडतं कशामुळे?

एसक्यूएलमध्ये लिहिलेलं स्टोअर्ड फंक्शन चुकलं तर फार तर ती क्वेरी पडते. सी किंवा सी++ मध्ये लिहून, कंपाइल करून सर्व्हरला जोडलेलं फंक्शन मात्र सर्व्हरच्याच मेमरीत चालतं, म्हणून ते चुकलं की अख्खा सर्व्हर आडवा होऊ शकतो. मायएसक्यूएलवाले त्याला यूडीएफ (यूजर-डिफाइन्ड फंक्शन) म्हणतात, पोस्टग्रेसवाले सी-लँग्वेज फंक्शन. या वेळचे सगळे प्रश्न त्याबद्दलचेच आहेत.

प्रश्न: उबुंटूवर मायएसक्यूएल 8.0 आहे. .एसओ फाइल (फंक्शनची कंपाइल केलेली लायब्ररी) प्लगइन फोल्डरमध्ये टाकली, परमिशन 755 दिली. तरी 'क्रिएट फंक्शन'ला एरर 1126 येते: 'कान्ट ओपन शेअर्ड लायब्ररी'.

1126 हा नुसता लिफाफा आहे. खरं पत्र त्याच ओळीच्या शेवटी, कंसातल्या मजकुरात असतं आणि घाईत नेमकं तेच वाचायचं राहतं. तो मजकूर लिनक्सच्या लोडरचा असतो. त्यात काय लिहिलंय त्यावर पुढची वाट ठरते.

'नो सच फाइल' असेल तर कोणती फाइल सापडत नाही तिचं नाव बघा. तुमच्याच लायब्ररीचं नाव असेल, तर 'सिलेक्ट @@प्लगइन_डिर' चालवून सर्व्हर कुठे शोधतोय ते पाहा. डॉकरमध्ये सर्व्हर असेल तर फाइल होस्टवर टाकून उपयोग नाही, ती कंटेनरच्या आत हवी. नाव दुसऱ्याच लायब्ररीचं असेल, तर तुमची फाइल सापडली आहे, ती ज्यावर अवलंबून आहे ती नाही. लायब्ररीला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी 'एलडीडी' कमांड चालवा, 'नॉट फाउंड' लिहिलेली ओळ दिसेल.

'परमिशन डिनाइड' किंवा 'फेल्ड टू मॅप सेगमेंट' असेल तर 755 चं 777 करू नका, दोष तिथे नाही. उबुंटूचं ॲपआर्मर (कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाइली उघडाव्यात हे ठरवणारी सुरक्षा यंत्रणा) मायएसक्यूएलला ठरलेल्या प्लगइन फोल्डरमधूनच लायब्ररी उघडू देतं. प्लगइन_डिर दुसरीकडे हलवला असेल तर ॲपआर्मरच्या 'लोकल' फोल्डरमधल्या मायएसक्यूएलच्या प्रोफाइलमध्ये नव्या जागेसाठी 'एमआर' परवानगीची ओळ घालून प्रोफाइल पुन्हा लोड करा. नुसता 'आर' पुरत नाही, 'एम'शिवाय फाइल मेमरीत चढत नाही. खात्री करायची तर 'डीमेसेज'मध्ये (लिनक्स कर्नलच्या नोंदींत) 'डिनाइड' शोधा. रेड हॅट घराण्यात हेच काम एसईलिनक्स करतं: होम फोल्डरमधून 'एमव्ही' केलेली फाइल जुनं लेबल घेऊन येते, तिथे लेबल नीट लावणारं 'रीस्टोरकॉन' चालवायचं.

'जीलिबसी 2.34 नॉट फाउंड' अशी ओळ असेल (जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी) तर फाइल नव्या मशिनवर बांधली आणि जुन्यावर नेली. मायएसक्यूएलची अधिकृत डॉकर इमेज ओरॅकल लिनक्सवर बेतलेली असते, तुमचा लॅपटॉप उबुंटूचा. सर्व्हर ज्या डिस्ट्रोवर चालतो, त्याच आवृत्तीवर कंपाइल करा.

प्रश्न: लायब्ररी उघडते, पण 1127 येते: 'कान्ट फाइंड सिम्बॉल'. फंक्शन तर कोडमध्ये आहे!

कोड सी++ मध्ये असणार. सी++ कंपायलर फंक्शनच्या नावाला आर्ग्युमेंटच्या प्रकारांची शेपटी जोडतो, मग सर्व्हरला साधं नाव सापडत नाही. लायब्ररीतली नावं दाखवणारी 'एनएम' कमांड कॅपिटल डी पर्यायासह चालवा. नावाच्या आगेमागे अक्षरांचा गुंता दिसला तर सगळी फंक्शनं एक्स्टर्न "सी" च्या कंसात टाका. दुसरं असं की मुख्य फंक्शनबरोबर '_इनिट' (आधी तयारी करणारं) किंवा '_डीइनिट' (शेवटी आवराआवर करणारं) यांपैकी एक तरी हवंच, नाहीतर सर्व्हर ते संशयास्पद समजून नाकारतो. ही अट शिथिल करणारा पर्याय आहे, पण तो लावू नका. भलत्याच लायब्ररीतलं कुठलंही फंक्शन कुणी जोडू नये म्हणूनच ती अट आहे.

प्रश्न: पत्त्यातल्या जादा स्पेस काढून टाकणारं यूडीएफ लिहिलं. इंग्रजी पत्त्यांवर महिनाभर नीट चाललं. मराठी पत्ते भरायला लागल्यापासून मायएसक्यूएल मध्येच सिग्नल 11 (नको त्या मेमरीला हात लावल्याची खूण) देऊन पडतो, आणि दर वेळी वेगळ्याच क्वेरीवर.

'वेगळ्याच क्वेरीवर' हीच खूण आहे. तुमचं फंक्शन आपल्या जागेबाहेर लिहितंय. शेजारची मेमरी खराब होते आणि तिला जो पुढे हात लावेल तो पडतो.

सर्व्हर फंक्शनला 'रिझल्ट' नावाचा जो बफर देतो, त्यात 255 बाइटचीच हमी असते. इंग्रजी पत्ता तेवढ्यात मावतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हं. 'महाराष्ट्र' हा शब्द मोजा: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. दहा चिन्हं, 30 बाइट. म्हणजे 255 बाइटमध्ये जेमतेम 85 चिन्हं. सोसायटी, गल्ली, 'च्या मागे', तालुका, जिल्हा असा पत्ता ही मर्यादा सहज ओलांडतो.

दुसरी चूक बहुधा 'स्ट्रलेन'ची, म्हणजे शून्य बाइट सापडेपर्यंत लांबी मोजणाऱ्या सी फंक्शनची. आर्ग्युमेंट म्हणून आलेल्या स्ट्रिंगच्या शेवटी शून्य बाइट असेलच असं नाही. लांबी 'आर्ग्ज'मधल्या 'लेंग्थ्स'वरूनच घ्या. आणि किंमत नल असेल (म्हणजे किंमतच नसेल) तर पॉइंटरच नल येतो, तो आधी तपासा.

दुरुस्ती अशी. इनिटमध्ये आर्ग्युमेंट एकच आहे ना ते बघा, त्याचा प्रकार स्ट्रिंग करा, 'मेबी_नल' 1 करा. एक छोटं स्ट्रक्चर मॅलॉक करा: बफरचा पॉइंटर (सुरुवातीला नल) आणि त्याची क्षमता (शून्य). त्याचा पत्ता 'इनिटआयडी'च्या 'पीटीआर'मध्ये ठेवा. मुख्य फंक्शनमध्ये आलेली लांबी क्षमतेपेक्षा जास्त असेल तरच रीअॅलॉक, आणि ते फसलं तर 'एरर' 1 करून नल परत. तयार मजकुराची बाइटमधली लांबी 'लेंग्थ'मध्ये घाला. डीइनिटमध्ये आधी बफर, मग स्ट्रक्चर मोकळं करा.

इनिटमध्येच पूर्ण बफर घेऊन टाकण्याचा मोह होतो. पण तिथे 'लेंग्थ्स'मध्ये कॉलमची कमाल लांबी असते. कॉलम लाँगटेक्स्ट असला तर ती 4 जीबी भरते! 'मॅक्स_लेंग्थ' मात्र इनिटमध्येच सांगा. त्यासाठी मेमरी घेतली जात नाही, तात्पुरत्या टेबलात निकालाला कोणता डेटा टाइप द्यायचा तेवढं त्यावरून ठरतं.

सगळ्यात वाईट दुरुस्ती म्हणजे 'स्टॅटिक' बफर. एकट्याने तपासताना ती बिनतक्रार चालते. मायएसक्यूएल एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवतो, त्यामुळे दोन कनेक्शन एकदम आली की एका ग्राहकाच्या ओळीत दुसऱ्याचा पत्ता उमटतो. सर्व्हर पडत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. त्यापेक्षा पडलेला बरा.

तपासायला सर्व्हर लागत नाही. इनिट, मुख्य फंक्शन, डीइनिट या क्रमाने बोलावणारा छोटा 'मेन' लिहा, इनपुट नेमक्या लांबीच्या मॅलॉक केलेल्या जागेत शेवटच्या शून्याशिवाय ठेवा, रिझल्टसाठी 255 बाइटच द्या, आणि जीसीसीला ॲड्रेस सॅनिटायझरचा (मेमरीतल्या चुका पकडणारा) आणि डीबग माहितीचा '-जी' पर्याय देऊन कंपाइल करा. एक बाइट जरी बाहेर गेला तरी ओळ क्रमांकासह सांगतो.

प्रश्न: आमचं यूडीएफ टर्मिनलवर मजकुराऐवजी 0एक्स पासून सुरू होणारे आकडे दाखवतं.

काही बिघडलेलं नाही. यूडीएफची स्ट्रिंग बायनरी धरली जाते, आणि 8.0.19 पासून मायएसक्यूएलचा क्लायंट टर्मिनलवर बायनरी मजकूर हेक्समध्ये दाखवतो. 'कन्व्हर्ट(… यूजिंग यूटीएफ8एमबी4)' मध्ये गुंडाळा. क्लायंटला 'स्किप-बायनरी-ॲज-हेक्स' दिलं तर दिसायला ठीक होतं, पण तुलना आणि सॉर्टिंग बायनरीच राहतं.

प्रश्न: चालू सर्व्हरवर नवी .एसओ जुनीवर कॉपी केली आणि सर्व्हर पडला. पोस्टग्रेसवर उलट: पडत नाही, पण जुनंच फंक्शन चालत राहतं.

'सीपी' जुन्याच फाइलच्या आत नवे बाइट ओततो. त्या फाइलची पानं सर्व्हरने मेमरीत लावलेली असतात, त्यामुळे चालू कोडच पायाखालून बदलतो. मायएसक्यूएलमध्ये 'मायएसक्यूएल.फंक' टेबलात त्या लायब्ररीची सगळी फंक्शनं बघा, सगळी ड्रॉप करा (एक राहिलं तरी लायब्ररी सुटत नाही), नवी फाइल 'एमव्ही'ने आणा, मग क्रिएट करा. त्याहून सोपं म्हणजे फाइलच्या नावातच आवृत्ती घालायची, म्हणजे नवी जुनीला शिवत नाही. पडलेला सर्व्हर ॲपच्या क्वेरीमुळे उठताच पुन्हा पडत असेल, तर .एसओ बाजूला सारून सुरू करा. लॉगमध्ये तक्रार येईल, फंक्शन मिळणार नाही, पण सर्व्हर उठेल.

पोस्टग्रेसमध्ये 'मेक इन्स्टॉल' नवी फाइल वेगळी ठेवतं, म्हणून चालू सेशन जुन्यालाच धरून असतात. 'लोड' कमांड एकदा चढलेली लायब्ररी पुन्हा चढवत नाही, नवं सेशनच लागतं. मध्ये पीजीबाउन्सर (तीच कनेक्शनं पुन्हा पुन्हा वापरणारा मध्यस्थ) असेल तर तुम्ही पुन्हा जोडलं तरी मागचं कनेक्शन जुनंच असतं. त्याच्या ॲडमिन कन्सोलवर 'रीकनेक्ट' द्या. लायब्ररी 'शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज'मध्ये (सर्व्हर सुरू होतानाच चढणाऱ्यांच्या यादीत) असेल तर रीस्टार्टला पर्याय नाही. आणि त्या फंक्शनवर इंडेक्स असेल व उत्तर बदललं असेल, तर रीइंडेक्स करा. नाहीतर ओळी टेबलात असून क्वेरीत सापडणार नाहीत.

प्रश्न: पोस्टग्रेस 15 वरून 16 वर गेलो. 'इनकम्पॅटिबल लायब्ररी, व्हर्जन मिसमॅच' येतं. पुन्हा कंपाइल केलं, तरी तेच.

दोन कारणं. एक, पाथमध्ये अजून 15 चाच 'पीजी_कॉन्फिग' (पोस्टग्रेसचे हेडर कुठे आहेत ते सांगणारी कमांड) पुढे आहे, म्हणून हेडर जुनेच लागतात. दोन, जुन्या .ओ फाइली तशाच पडून आहेत, 'मेक'ला वाटतं काम झालंय. डेबियन-उबुंटूवर 16 चं 'सर्व्हर-डेव्ह' पॅकेज घाला, आधी 'मेक क्लीन', मग 'मेक'ला पीजी_कॉन्फिगचा 16 चा पूर्ण पाथ देऊन इन्स्टॉल. हे मुख्य आवृत्ती बदलली की करायचं, 16.2 वरून 16.4 ला जाताना नाही.

हात लावलाच आहे तर 'क्रिएट फंक्शन'मध्ये 'स्ट्रिक्ट' (आर्ग्युमेंट नल असेल तर फंक्शन न बोलावणारा शब्द) आहे ना तेही बघा. ते नसेल आणि कोडमध्ये नलची तपासणीही नसेल, तर पहिल्या नलला सिग्नल 11 येतो, आणि पोस्टग्रेस त्या एका सेशनसाठी बाकी सगळी सेशनंही तोडून रिकव्हरीत जातो, कारण सामायिक मेमरी खराब झाली नसेल याची त्याला खात्री नसते.

प्रश्न: हेच फंक्शन ॲमेझॉन आरडीएसवर (ॲमेझॉनच सांभाळत असलेल्या डेटाबेस सेवेवर) टाकता येईल का?

नाही. तिथे प्लगइन फोल्डरपर्यंत पोचताच येत नाही. स्पेस काढण्यासारखं काम असेल तर नमुन्यानुसार मजकूर बदलणारं 'रेजएक्स्प_रिप्लेस' मायएसक्यूएल 8.0 आणि पोस्टग्रेस दोन्हींत आहे, त्यावर भागवा. पोस्टग्रेसमध्ये 'जी' फ्लॅग द्यायला विसरू नका, नाहीतर पहिलीच जादा स्पेस जाते.