ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? ट्रकमालकांचे प्रश्न

ऊस हंगामाच्या तोंडावर दरवर्षी ऑइल आणि फिल्टरचे प्रश्न येतात. त्यातले सगळ्यांच्या उपयोगाचे घेतले आहेत.

माझी बीएस-4 दहा चाकी गाडी आहे. हंगामात कारखान्याला ऊस, बाकी वर्षभर पुणे-बंगळूर भाडं. पुस्तकात ऑइल 40 हजारला बदला असं लिहिलंय. मिस्त्री म्हणतात 10 हजारच्या वर जायचं नाही. कोणाचं ऐकू? (कराड)

दोघांचंही, पण वेगवेगळ्या महिन्यांत.

मिस्त्रींचा 10 हजारचा आकडा जुन्या काळातून आलाय आणि तेव्हा तो योग्यच होता. 2000 सालच्या प्रदूषण मानकात डिझेलमध्ये दहा लाख भागांत 2500 भाग गंधक चालत होतं. बीएस-4 मध्ये ते 50 वर आलं आणि 2020 पासून बीएस-6 मध्ये 10 वर. गंधक जळून आम्ल होतं आणि ते मारता मारता ऑइलमधला क्षार संपतो. आता तो तितक्या लवकर संपत नाही. शिवाय बंगळूरच्या वाटेवर इंजिन एकदा तापलं की तासन् तास तापलेलंच राहतं, आत साठलेली ओल उडून जाते. तिथे 10 हजारला ऑइल सोडलंत तर चांगलं ऑइल वाया घालवाल.

हंगामाचा हिशोब मात्र वेगळा. समजा, दिवसाला 100 किमी आणि इंजिन 12 तास चालू. 60 दिवसांत मीटरवर 6 हजार किमी दिसतील, इंजिनाचे तास मात्र 720 होतील. हायवेला ताशी सरासरी 40 धरली तर तेवढ्या तासांत गाडी 28,800 किमी गेली असती. यावर काही मालक म्हणतात, कारखान्याच्या रांगेत नंबर लावून उभी असताना गाडी डिझेल कमी पिते, नुसते तास धरणं बरोबर नाही. मला हे म्हणणं पटतं, कारण काजळी आणि आम्ल येतं ते जळलेल्या डिझेलमधून. मग डिझेलच मोजू. हायवेला 4 चं अ‍ॅव्हरेज असेल तर 40 हजार किमीला 10 हजार लिटर जळतं. हंगामात अ‍ॅव्हरेज 2 वर आलं तर 6 हजार किमीला 3 हजार लिटर, म्हणजे हायवेच्या 12 हजार किमीइतकं. पण रांगेत नुसतं चालू ठेवलेलं इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळून ऑइलमध्ये उतरतं, थंडीच्या रात्री ओल धरते. म्हणून त्या 6 हजारांची झीज हायवेच्या 12 हजारांपेक्षा जास्त आणि 28 हजारांपेक्षा कमी धरावी.

तेव्हा हंगाम संपला की मीटर न बघता ऑइल आणि फिल्टर बदला. त्यानंतर गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर नक्कीच, कारण आम्ल धरलेलं ऑइल बेअरिंग खातं. पुढे हायवेला 30 हजारांपर्यंत निर्धास्त जा. 40 पर्यंत न्यायचं असेल तर आधी एकदा ऑइल तपासून घ्या. पुस्तकही नीट वाचा. बहुतेक पुस्तकांत अवघड कामासाठी कमी मुदत वेगळी दिलेली असते, आपण फक्त मोठा आकडा लक्षात ठेवतो. आणि रांग हलत नसेल तेव्हा इंजिन बंद ठेवायला ड्रायव्हरला सांगा.

क्रशरवर टिपर आहे. नवीन ऑइल आठवड्यात काळंकुट्ट होतं. ऑइल डुप्लिकेट असेल का? एअर फिल्टरला तर रोज हवा मारतो. (जत)

ऑइल काळं होणं ही तक्रार नाही. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं म्हणून काळं दिसतं. धरून ठेवलं नाही तर तीच काजळी गाळ होऊन ऑइल साठतं त्या चेंबरच्या तळाला आणि ऑइलच्या वाटांत बसेल. बोटावर घेऊन रंग बघणं, चोळून बघणं, यावरून ऑइल संपलं की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, कितीही जुना मिस्त्री असो.

मला काळजी वाटते ती तुमच्या दुसऱ्या वाक्याची. रोज हवा मारू नका. कॉम्प्रेसरचा जोर जवळून लागला की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात, घडीचा चिकटवलेला भाग सुटतो. टायरवर आपटल्याने कडेचं रबर वाकतं. त्यात प्रत्येक वेळी झाकण उघडलं की स्वच्छ बाजूला थोडा फुफाटा जातोच. खडीची धूळ म्हणजे दगडाचं पीठ. ती लायनर, पिस्टन रिंगा आणि टर्बोचं पातं घासते, मग ऑइलमध्ये उतरून बेअरिंगला लागते. क्रशरवरच्या गाडीचं इंजिन काम लवकर निघतं, त्यामागे बहुतेक वेळा ऑइल नसतं, हवेची वाट असते.

एअर क्लीनरवर किंवा डॅशबोर्डवर फिल्टर चोंदल्याचा इशारा असतो. तो लाल झाला की फिल्टर बदला, तोवर हात लावू नका. थोडा मळलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ अडवतो, त्यामुळे घाई करून फायदा नाही. आतला छोटा सेफ्टी फिल्टर कधीच साफ करायचा नसतो, तो थेट बदलतात. धुळीच्या टोपीचा रबरी व्हॉल्व्ह रोज दाबून धूळ पाडा. एअर क्लीनरपासून टर्बोपर्यंतचा होज आणि त्याचे क्लिप हाताने चाचपून बघा. होजच्या आत बोट फिरवून धूळ लागली, तर फिल्टर कितीही भारी असो, गाडी धूळ खातेय. ऑइलची मुदत तुम्ही तासांवर ठेवा, किलोमीटरवर नको.

मिरजेत ऑइल फिल्टर निम्म्या किमतीत मिळतो. आटे तेच, माप तेच, दुकानदार म्हणतो मायक्रॉनही तोच. घ्यावा का? (तासगाव)

आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो. कागद चोंदला किंवा पहाटे ऑइल घट्ट असलं की तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल इंजिनाला देतो, कारण घाण ऑइल मिळणं हे ऑइलच न मिळण्यापेक्षा बरं. तो किती दाबाला उघडायचा हे इंजिनागणिक वेगळं असतं. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह फिल्टरमध्ये नसून फिल्टरच्या हेडमध्ये असतो. हलक्या फिल्टरात स्प्रिंग नरम असली तर तो सारखा उघडा राहतो, आणि गाडी बिनफिल्टरची चालत असूनही मालकाला पत्ता नसतो.

मायक्रॉनचा, म्हणजे किती बारीक कण अडतो त्याचा, आकडा एकटा फसवा आहे. 20 मायक्रॉनचे कण निम्मे अडवणारा आणि शंभरातले 99 अडवणारा, दोन्ही फिल्टर 20 मायक्रॉनचे म्हणून विकता येतात. किती टक्के अडवतो हे विचारा. ऑइल फिल्टरच्या या चाचणीचं मानक आयएसओ 4548-12 आहे. त्याचा उल्लेख जो उत्पादक करतो, त्याने निदान चाचणी तरी केलेली असते.

याचा अर्थ ट्रक कंपनीच्या डब्यातलाच घ्या असा नाही. फ्लीटगार्ड, मान, बॉश अशा उत्पादकांचा, तुमच्या इंजिनासाठी त्यांच्या यादीत दिलेल्या नंबराचा फिल्टर पक्क्या बिलावर घ्या, तो कमी पैशांतही चांगलं काम देतो. जुना फिल्टर टाकण्याआधी करवतीने कापून बघा. कागदाच्या घड्या कोसळल्यात का, चमकणारे धातूचे कण दिसतात का, हे पाच मिनिटांत कळतं. आणि तोच फिल्टर आणखी एका बदलीला चालवू नका. नवं ऑइल जुन्या फिल्टरात ओतणं मला मुळीच पटत नाही.

बीएस-6 गाडीत वाटेत सीआय-4 ऑइल टॉपअप केलं. शिवाय हल्ली डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसतं. (फलटण)

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीआय-4 हा ऑइलचा जुना दर्जा, सीके-4 नवा. एखादा लिटर सीआय-4 गेल्याने लगेच काही बिघडणार नाही, पण पुढे डब्यावर सीके-4 आणि तुमच्या कंपनीची मान्यता बघूनच घ्या. त्या ऑइलमध्ये राख करणारे घटक मर्यादित ठेवलेले असतात. डीपीएफ म्हणजे धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर; त्यातली काजळी जळून जाते, राख जळत नाही, ती साठत राहते आणि शेवटी डीपीएफ उतरवावा लागतो.

ऑइल वाढणं जास्त गंभीर आहे. डीपीएफ साफ होताना काही इंजिनांत जादा डिझेल सोडलं जातं. ती साफसफाई मधेच तोडली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. इंजेक्टर गळत असेल तरी तेच होतं. दुधासारखा रंग आला असेल तर पाणी शिरतंय. काहीही असो, त्या ऑइलवर पुढची खेप करू नका. ऑइल बदला आणि कारण शोधल्याशिवाय गाडी लांब पाठवू नका.

इंजिनासाठी ऑइलमध्ये बाटलीतलं औषध (अ‍ॅडिटिव्ह) टाकावं का? (इस्लामपूर)

नको. लागणारी औषधं ऑइल बनवतानाच मोजून घातलेली असतात. तेच पैसे डिझेल फिल्टरवर खर्च करा आणि पावसाळ्यात वॉटर सेपरेटरचं पाणी रोज सोडा.

सात गाड्या आहेत. ऑइलची लॅब तपासणी परवडते का? (सांगली)

सात गाड्यांना नक्की परवडते. सगळ्या एकाच वेळी तपासू नका. हायवेची एक आणि सगळ्यात खराब रस्त्याची एक, अशा दोन निवडा. अहवालात लोखंड वाढलं तर झीज, सिलिकॉन वाढलं तर धूळ, सोडियम किंवा पोटॅशियम वाढलं तर कूलंट शिरतंय असा संशय घ्यायचा. एका अहवालावर मुदत वाढवू नका. त्याच गाडीचे लागोपाठ तीन अहवाल समोर ठेवा. लोखंड दर हजार किलोमीटरला सारख्याच गतीने वाढत असेल आणि क्षार शिल्लक असेल, तरच पुढच्या वेळी पाच हजार वाढवा, तेही वॉरंटी संपलेल्या गाडीत. वॉरंटीतल्या गाडीला पुस्तकातली मुदत ओलांडायची नाही.

नमुना घेताना इंजिन गरम असू द्या. चेंबरचा बोल्ट काढल्यावर पहिली धार सोडून मधली धार कोरड्या, स्वच्छ बाटलीत घ्या. बाटलीवर गाडीचा नंबर, मीटरचं रीडिंग, ऑइल घातल्यापासूनचे किलोमीटर आणि मधे केलेला टॉपअप लिहा. उरलेलं ऑइल ओढ्यात किंवा रस्त्यावरची धूळ बसवायला टाकू नका. झाकणाच्या पिंपात साठवून परवानाधारक रिसायकलरला द्या.