मंडलाची वही बघून डोकं फिरतं

प्रश्न : मिसेस जाऊन आठ महिने झाले. मी रिटायर्ड, कोपरखैरण्याला एकटाच असतो, मुलगी पुण्याला. रडू येत नाही, रात्री तीनला जाग येते मग टीव्ही लावून बसतो. मुलीने मंडला कलरिंगची, म्हणजे गोल नक्षीत रंग भरायची वही आणि स्केचपेन पाठवलेत, म्हणते पप्पा मन मोकळं होईल. मला शाळेत चित्रकलेत पास करायचे ते मास्तरांच्या मेहरबानीने. या वयात गोल रंगवून काय होणारे? हे सगळं फॅड नाही का? वाशीत एक आर्ट थेरपीचं वर्कशॉप आहे, त्याला पैसे भरू का?

उत्तर : काका, वही आवडली नाही तर राहू दे की, तिचं वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्याने आखलेल्या गोलात रंग भरून काहींना शांत वाटतं, तुम्हाला चीड येते, संपलं.

पण फॅड म्हणाल तर तसं नाहीये. एड्रियन हिल नावाचा ब्रिटिश चित्रकार टीबी होऊन सॅनेटोरियममध्ये पडून होता, तिथे चित्रं काढत राहिला, मग बाकीच्या पेशंटनाही काढायला लावली आणि १९४२ साली त्यानेच 'आर्ट थेरपी' हे नाव दिलं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं माती, मार्कर, कोलाज यातलं हवं ते करायला दिलं, तर साधारण चारातल्या तिघांचं कॉर्टिसोल, म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन, कमी झालं आणि चित्रकला येणारे-न येणारे यात फरक पडला नाही. (मास्तरांची मेहरबानी इथे लागत नाही!) आता अभ्यास छोटाच होता आणि काहींचं कॉर्टिसोल उलट वाढलं, त्यामुळे प्रत्येकाला लागू पडेल अशी गॅरंटी मी देणार नाही.

मला विचाराल तर तुम्ही गोधडी शिवा. हसू नका. काकूंच्या साड्या कपाटात असतीलच, पण लगेच कात्री लावू नका, आवडती साडी तर मुलीला विचारल्याशिवाय अजिबातच नाही. आधी पडून असलेले ब्लाउजपीस, फाटका परकर असलं काहीतरी घ्या, रुमालाएवढे दोन-तीन थर एकावर एक ठेवा आणि साधा धावदोरा घाला. मोठ्या नेढ्याची सुई घ्या म्हणजे चष्म्याची झटापट कमी. पहिली ओळ वाकडीच जाणार, दोरा गुंतणार, उसवायचं नि परत घालायचं. हात गुंतलेले असले की बोलायचं राहिलेलं कधी कधी आपोआप वर येतं, कुठला ब्लाउज कुणाच्या लग्नातला ते आठवतं. रडू आलं तर येऊ द्या आणि नाही आलं तरी तुमचं दुःख कमी आहे असं मुळीच नाही. फक्त हे रात्री तीनला करू नका, दुपारी उजेडात करा आणि फार भरून आलं तर ठेवून द्या.

वर्कशॉपचं म्हणाल तर भरायच्या आधी विचारा की घेणाऱ्यांचं थेरपीचं किंवा कौन्सिलिंगचं शिक्षण काय आहे. क्लास आणि थेरपी वेगळी असते. दोन तास रंगकाम, चहा-समोसा आणि चार ओळखी होत असतील तरी छानच आहे हो, एकट्या माणसाला तेही हवंच असतं, पण मग फी क्लासची असावी, उपचाराची नको.

आणि एक गोष्ट गोधडीवर सोडू नका. आठ महिने झोप मोडतेय, तर डॉक्टरांना सांगाच. जेवण तुटलं असेल, जगावंसं वाटत नसेल तर आजच १४४१६ ला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रत्यक्ष जायचं तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे, नाव ऐकून दचकू नका, झोप येत नाही म्हणून जाणारेही तिथे असतात.

मुलीला वहीचं खरं काय ते सांगून टाका. पुढच्या खेपेला ती आली की कपाट दोघांनी मिळून उघडा, कुठली साडी कापायची आणि कुठली तशीच ठेवायची ते तिलाही ठरवू दे, तिची आई होती ना.